चाकातून सुटलेली हवा : होतकरूंसाठी प्रवेशिका

सुरुवात करण्याआधी

धुळ्यात मुंबई-आग्रा रस्त्याच्या कडेला एखाद्या गॅरेजात तुम्ही नुकते कामाला लागला असाल आणि उस्तादाने डिझेलने भरलेलं घमेलं पुढ्यात सरकवून ‘टर्बो धुऊन टाक’ असं फर्मावलं असेल, तर ही प्रवेशिका तुमच्यासाठी आहे. जळगावात इंजिनिअरिंगला वेगांचे त्रिकोण काढून काढून तुमची पट्टी झिजली असेल आणि तरीही तोंडी परीक्षेत ‘हवा चाकातून बाहेर कशी पडते?’ या प्रश्नाला तुम्ही ‘जोरात, सर’ असं उत्तर दिलं असेल, तर ती खास तुमच्यासाठी आहे. ज्यांच्या काकांनी मागे ‘टर्बो’ लिहिलेली गाडी घेतली आणि लग्नकार्यात त्यावर बोलायला घरातला एकतरी माणूस तयार हवा म्हणून ज्यांची नेमणूक झाली, त्यांनीही वाचायला हरकत नाही.

पात्रता एकच. हाताला बोटं दहा असावीत आणि शेवटच्या धड्यानंतरही ती दहाच राहावीत. इंजिन चालू ठेवून, फिल्टरचा पाइप काढून ‘फिरतंय का बघू’ म्हणणारे उमेदवार घेतले जात नाहीत. ते चाक मिनिटाला लाखावर फेरे घेतं. त्याला बोट आणि काडी यांतला फरक कळत नाही.

वस्तू ओळखून घ्या. टर्बोच्या एका बाजूला इंजिनाचा धूर एक चाक फिरवतो. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला ॲल्युमिनिअमचं दुसरं चाक असतं. ते बाहेरची हवा मधोमध ओढतं आणि कडेने फेकतं. आल्फ्रेड ब्युखी या स्विस इंजिनिअरने १९०५ साली या कल्पनेचं पेटंट घेतलं. धुराच्या बाजूशी आपल्याला कर्तव्य नाही. हवेच्या बाजूचीही एकच जागा आपल्या अभ्यासाला आहे : चाकाची कड जिथे संपते तिथपासून पुढची दोन बोटं.

एवढ्याशा जागेसाठी अख्खी प्रवेशिका कशाला, ही शंका रास्त आहे. पण गिऱ्हाईक ज्याचं कौतुक करतं, ते चाक निम्मंच काम उरकतं. उरलेलं निम्मं त्या दोन बोटांत होतं. तिथे काही फिरत नाही, म्हणून तिथे कोणी बघत नाही.

धडा पहिला : मोटर उलटी फिरवणे

हवा दिसत नाही, म्हणून सुरुवात पाण्यापासून करा. चाक त्याच जातीचं, आणि आपल्याकडे त्याचा तुटवडा नाही. रावेर-यावल पट्ट्यात केळीच्या बागेत नवी सबमर्सिबल बोअरमध्ये सोडायचा दिवस गाठा. स्टार्टर दाबला जातो, पाइप दोनदा खाकरतो आणि पाणी येतं, पण मनगटाएवढ्या पाइपातून करंगळीएवढं. तोंडाशी उभ्या असलेल्यांचे चेहरे उतरतात. बोअरवाल्याच्या नावाने शिव्या सुरू होणार, तोच बांधावर बसलेले आप्पा तोंडातली विडी न काढता सांगतात, ‘उलटी फिरते ती. फेज बदल.’ तीन वायरींपैकी दोघींची अदलाबदल होते, स्टार्टर पुन्हा दाबला जातो आणि पाणी पाइप भरून येतं.

आता वहीत लिहा : मोटर उलटी फिरली तरी पाणी वरच आलं. चाकाचं काम मधून घेऊन कडेने फेकणं, आणि कुठल्याही बाजूने फिरवलं तरी कड ती कडच. फरक पडला तो फक्त कड सोडताना पाणी कोणत्या तिरक्या रेषेत निघालं यात. तेवढ्यानेच ते करंगळीएवढं झालं. जिनिंगमधला ब्लोअर उलटा फिरला तरी हेच होतं : हवा त्याच तोंडातून येते, फक्त जीव नसल्यासारखी. ‘उलटा लावला की ओढेल’ असं सांगणाऱ्या नातेवाइकाशी वाद घालू नका, त्याला बागेवर न्या.

यानंतर मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात जा आणि खोललेल्या पंपाची एक स्टेज मागून घ्या. आत इंपेलर, भोवती बाऊल. इंपेलरची पाती फिरण्याच्या दिशेने पुढे वाकलेली असणार अशी तुमची पैज असेल. हरलात. ती मागे झुकलेली असतात. बाऊलमध्येही पाती असतात, पण जागची न हलणारी. नवशिके इंपेलर हातात धरून फोटो काढतात आणि बाऊल खाली ठेवून देतात. तुम्ही बाऊल उचला. वाळूच्या पाण्यावर चाललेला जुना मिळाला तर फारच उत्तम. स्थिर पात्यांची पुढची धार खाल्लेली दिसेल, बोट फिरवलं तर खरखरीत लागेल. चाकातून सुटलेलं पाणी पहिल्यांदा तिथेच आदळतं. मोटर नीट फिरत असेल तेव्हा ते धारेच्या रेषेत येतं आणि आत शिरतं. उलटी फिरत असेल तेव्हा त्याच पात्यांवर आडवं येऊन थडकतं.

धडा दुसरा : दोन वेगांची बेरीज

आता हवेकडे वळू. चाकावर बसून पाहिलं तर हवा पात्याच्या अंगाने बाहेर सरकताना दिसेल. बाहेर उभं राहून पाहिलं तर ते पातंच बाजूला पळताना दिसेल. दोन्ही खरं आहे, आणि हवा दोन्हींची बेरीज घेऊन निघते. दादरच्या, म्हणजे रब्बी ज्वारीच्या, शेतात माळ्यावर उभं राहून ज्याने गोफण फिरवली आहे त्याला निम्मा धडा येतो : दोरीचं टोक सोडलं की दगड डोक्यापासून सरळ बाहेर जात नाही, फिरण्याच्या ओघात, वर्तुळाला चाटून सुटतो. हवेची गोष्ट तीच, वर थोडी बाहेरची सरक जादा.

आकडे घालू. ट्रकच्या टर्बोतलं मध्यम चाक घ्या : व्यास ६४ मिलिमीटर, मिनिटाला १,२०,००० फेरे. कडेचा वेग सेकंदाला ४०० मीटर येतो. धुळे ते जळगाव हे सुमारे ९० किलोमीटर त्या वेगाने चार मिनिटांच्या आत होतील. एसटीला पारोळा-एरंडोल करत किती लागतात ते इथे लिहीत नाही. हवा ४२ अंशांवर असताना आवाजाचा वेग सेकंदाला ३५६ मीटर असतो. म्हणजे तुमच्या घमेल्यातल्या चाकाची कड आवाजाच्या पुढे पळते.

हिशोब सोपा राहावा म्हणून पाती कडेशी सरळ, त्रिज्येच्या रेषेत धरू. बाहेरच्या दिशेने हवा सेकंदाला ११० मीटरने सरकते असं मानू. पात्याने हवेला पूर्ण आपल्याबरोबर ओढलं, तर कडेच्या दिशेने तिचा वेग ४०० व्हायला हवा. तेवढं वहीत लिहा. पेनने नको, पेन्सिलीने.

धडा तिसरा : हवा ऐकत नाही

खोडा.

गॅरेजात हा धडा एका वाक्यात उरकतात : ‘हवा चाकनं ऐकत नही, भो.’ पुस्तकं त्यालाच स्लिप म्हणतात आणि प्रकरणभर पुरवतात. कारण पाहण्यासारखं आहे. फिल्टरमधून आलेली हवा स्वतःभोवती फिरत नव्हती. चाकाने तिला धरून गोल नेलं तरी तिची ती वृत्ती सुटत नाही. ती चाकाबरोबर जाते, पण तोंड आपलं जुन्या दिशेलाच. त्यामुळे चाकावर बसलेल्याला दोन पात्यांच्या मधली हवा उलट्या बाजूने सावकाश गिरकी घेताना दिसते. ही गिरकी कडेशी पोचते तेव्हा हवेला फिरण्याच्या विरुद्ध दिशेला रेटते आणि हवा पात्याच्या थोडी मागे राहून सुटते. घर्षण शून्य धरलं तरी हे होणारच. पातं घासून लख्ख केलं की हवा ऐकेल, हा गैरसमज पॉलिश पेपरचा खप वाढवतो, बाकी काही नाही.

किती मागे? झुरिकचे प्राध्यापक ऑरेल स्टोडोला यांनी या गिरकीवरूनच पहिला हिशोब मांडला. अमेरिकेत स्टॅनिट्झ यांनी १९५२ मध्ये दिलेलं सूत्र तर तोंडपाठ करण्याजोगं आहे : १.९८ ला पात्यांच्या संख्येने भागा आणि उत्तर एकातून वजा करा. १४ पाती असतील तर ०.८६. वीस्नर यांच्या १९६७ च्या सूत्राने तेच ०.८४ येतं. आपण ०.८५ घेऊ, भांडण नको. म्हणजे ४०० चे झाले ३४०. हे पेनने लिहा.

इथे प्रत्येक होतकरू हात वर करतो : मग पाती वाढवा. बरोबर आहे, पाती दाट केली की हवा जास्त ऐकते. पण चाकाच्या तोंडाशी घेर लहान असतो. तिथे पात्यांचीच गर्दी झाली तर हवेने शिरायचं कुठून? म्हणून एकाआड एक पातं आखूड ठेवतात. सात पाती तोंडापासून कडेपर्यंत, मधली सात अर्ध्या वाटेवर सुरू होणारी. धुताना ही दिसली की ‘उस्ताद, सात पाती तुटली’ असं ओरडत जाऊ नका. दर हंगामात एक पोऱ्या जातो आणि वर्षभर त्याला त्याच नावाने हाक मारली जाते.

आता हवेला किती ऊर्जा मिळाली ते काढा. ऑयलरने अठराव्या शतकात याचं सूत्र देऊन ठेवलंय : चाकाच्या कडेचा वेग गुणिले हवेचा कडेच्या दिशेचा वेग. ४०० गुणिले ३४०, म्हणजे किलोमागे १,३६,००० ज्यूल. एवढ्याने हवा १३५ अंश तापते. बाहेर ४२ असतील तर टर्बोतून निघणारी हवा १७७ अंशांची. धुराची बाजू गरम असते हे सगळ्यांना माहीत असतं. भाजतं ते हवेच्या बाजूला हात टेकणाऱ्याला.

थोडं विषयांतर, कारण मुलूख आपला आहे. भास्कराचार्यांनी ११५० च्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त आपोआप फिरणाऱ्या एका चाकाचं वर्णन केलंय. त्याच्या आऱ्या पोकळ, तिरप्या आणि पाऱ्याने अर्ध्या भरलेल्या. पारा आऱ्यांतून सरकत राहणार आणि चाक फिरत राहणार. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, चाळीसगावजवळच्या पाटण्यात मठ काढला. त्याचा शके ११२८ चा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. पाटणादेवीला सहल गेली की मुलं धबधब्याकडे पळतात. होतकरूंनी थोडा वेळ या चाकाचा विचार करावा. पात्यांच्या वाटांतून द्रव सरकणारं चाक खानदेशच्या परंपरेत आठशेहून अधिक वर्षांपासून आहे. ते चाललं नसतं, कारण सरकणारा पारा चाकाला एका बाजूने जेवढं देतो तेवढं दुसऱ्या बाजूने काढून घेतो. ऑयलरच्या सूत्राचंही म्हणणं तेच : हवेला मिळालेला प्रत्येक ज्यूल दांड्याने मोजून दिलेला असतो. ‘टर्बो म्हणजे फुकटची ताकद’ असं काका लग्नात सांगू लागले, तर एवढं तरी आठवा की धुराच्या वाटेत चाक उभं केल्याने इंजिनाला धूर बाहेर ढकलायलाही जोर लागतो.

धडा चौथा, जो परीक्षेत येत नाही

आतापर्यंत आपण धरून चाललो की कडेवर सगळीकडे हवा सारखीच निघते. तसं नसतं. दोन पात्यांमधल्या वाटेत भिंतींना घासून दमलेली हवा एका कोपऱ्यात गोळा होते. बहुतेक वेळा तो कोपरा पात्याच्या पाठीकडचा आणि बाहेरच्या झाकणाजवळचा असतो. ताजी हवा पात्याच्या पोटाकडून झपाट्याने निघते. दमलेली हवा बाहेर सरकायचं जवळजवळ विसरते आणि चाकाबरोबर फरफटत कडेला येते. म्हणजे प्रत्येक वाटेतून एक धार आणि एक सुस्त पट्टा, पुन्हा धार, पुन्हा सुस्त पट्टा. १४ पाती आणि सेकंदाला २,००० फेरे. समोरच्या स्थिर भिंतीला ही आलटापालट सेकंदाला २८,००० वेळा सोसावी लागते. माणसाच्या कानाच्या हद्दीबाहेरचं हे गाणं आहे. टर्बोची जी शिट्टी ऐकू येते ती बहुधा खालच्या पट्टीतली, दांड्याच्या फेऱ्यांची.

हे सगळं आधी कागदावरच होतं. डीन आणि सेनू यांनी १९६० मध्ये धार आणि सुस्त पट्टा चाकाबाहेर एकमेकांत कसे मिसळतात याचं गणित मांडलं. पुढे १९७० च्या दशकात जर्मनीत एकार्ट यांनी फिरत्या चाकाच्या आत लेसरचा प्रकाश टाकून हवेचा वेग मोजला, तेव्हा पट्टे खरोखर दिसले. मिसळताना ऊर्जा वाया जाते. कुठे जाते? उष्णतेत. त्या १७७ अंशांत तिचाही वाटा आहे.

गॅरेजात या धड्याचा उपयोग शून्य. पण कोणी विचारलं की ‘कडेवर हवेचा वेग किती?’, तर आकडा सांगण्याआधी ‘कोणत्या जागी?’ असं विचारता येतं, आणि विचारणारा बहुधा विषय बदलतो.

प्रात्यक्षिक : कापसाच्या हंगामात

मधे थोडी मोठी हवा बघू. अमळनेर, चोपडा, धरणगाव, कुठलीही जिनिंग चालेल. अंगणात कापसाचा ढीग, त्यात खुपसलेला सक्शनचा पाइप, आणि शेडच्या टोकाला गर्जना करणारा ब्लोअर. याचं चाक माणसाच्या कमरेएवढं असतं आणि फेरे मोजके. ९० सेंटिमीटरचं चाक मिनिटाला १,४४० ने फिरलं तर कडेचा वेग सेकंदाला ६८ मीटर होतो. या वेगाला हवा तीन-चार अंशच तापते; तेवढा फरक जळगावचा उन्हाळा सकाळी नाश्त्याआधी पाडतो. कचऱ्याची हवा ओढायची असेल तिथे पाती सरळ आणि मोजकी असतात, म्हणजे तूस अडकत नाही.

बघायचं ते ब्लोअरच्या तोंडाशी. चाकातून सुटलेली हवा कवचाच्या बाहेरच्या अंगाला चिकटून येते. तोंडातून निघताना पाइपाच्या एका बाजूला तिचा लोंढा असतो आणि दुसऱ्या बाजूला जवळजवळ काहीच नसतं. पाइप सरळ असेल तर थोड्या अंतरात ती पसरते आणि वेगाचा काही भाग दाबात बदलतो. हे अंतर बेताच्या वेगाला पाइपाच्या अडीच व्यासांइतकं लागतं, वेग वाढला की जास्त. प्रत्यक्षात शेडची भिंत जवळ असते, पत्रा मोजका असतो आणि वेल्डरला पाच वाजता घरी जायचं असतं. तो तोंडालाच बेंड लावून मोकळा होतो. त्यातही बेंड हवेच्या फिरण्याच्या उलट बाजूला वळवला असेल, तर लोंढा थेट भिंतीवर. मालक मोटर बदलतो, पट्टा बदलतो, पुली मोठी करतो, विजेचं बिल वाढतं. बेंड तिथेच.

अभ्यास : ब्लोअरपासून हातभर अंतरावर आणि पुढे चार हातांवर पाइपाला छोटं भोक पाडून, आडव्या चार जागी हवेचा जोर बघा. मालकाची परवानगी आधी घ्या. भोकं नंतर बुजवा.

धडा पाचवा : दोन बोटं

पुन्हा टर्बोकडे. हवा चाकाची कड सोडते तेव्हा ३४० कडेच्या दिशेला, ११० बाहेर. मिळून सेकंदाला ३५७ मीटर. एकूण १३६ किलोज्यूलपैकी ६४ या नुसत्या धावण्यात अडकलेत. सुरुवातीला निम्मं काम बाकी म्हटलं ते हेच. इंजिनाला वेग नको, दाब पाहिजे. ३५७ मीटरने धावणारी हवा तशीच वळणावळणाच्या पाइपात सोडली, तर ती भिंतींवर डोकं आपटून तापेल आणि हातात काही येणार नाही.

म्हणून चाकाभोवती दोन सपाट भिंतींमधली एक अरुंद गोल फट असते. तिचं नाव डिफ्यूझर. आत काहीच नाही. ‘यातला पार्ट कुठे पडला?’ म्हणून घमेलं चाळू नका. मोकळी जागा हाच पार्ट आहे. तिथे हवेला कोणी हात लावत नाही, आणि हात लावत नाही म्हणून तिचं फिरणं एका नियमाने उतरतं : त्रिज्या गुणिले कडेच्या दिशेचा वेग कायम. चाकाची त्रिज्या ३२ मिलिमीटर. फट ५१ पर्यंत गेली, म्हणजे १.६ पट, की ३४० चे २१२ होतात. बाहेरची सरकही त्याच प्रमाणात कमी होते असं धरलं, तर धावण्यातली साठ टक्के ऊर्जा दाबाच्या वाटेला लागते. तेही भिंतींनी काही खाल्लं नाही तर.

भिंती खातात. किती, ते वाटेच्या लांबीवर आहे. हवा कडेच्या रेषेशी जेमतेम १८ अंशांचा कोन करून निघाली आहे. फट ओलांडायची तर सरळ अंतर १९ मिलिमीटर, पण या तिरक्या चालीने ती ६२ मिलिमीटर चालते, जवळपास पाव वर्तुळ फिरून. आता इंजिनाने हवा निम्मीच मागितली असं समजा. फेरे तेच, म्हणून ३४० तेच. ११० ची ५५ झाली. कोन ९ अंशांवर आला, वाट १२० मिलिमीटरची झाली आणि जवळजवळ अर्ध वर्तुळ पडलं. हवा कमी आणि घासाघीस दुप्पट. भिंतीलगतची हवा दमते. पुढे दाब जास्त, मागे कमी, आणि पुढे जायला अंगात बळ नाही. ती उलट फिरून चाकाकडे परत निघते.

बाऊलमध्ये स्थिर पाती होती, इथे का नाहीत, हे आता उलगडेल. पाती एका ठराविक कोनासाठी बसवलेली असतात. बोअरमधली मोटर एकाच फेऱ्यांवर, जवळजवळ एकाच उंचीवर पाणी चढवत महिने काढते. पाण्याचा कोन रोज तोच. ट्रकचं तसं नाही. लळिंगच्या चढाला एक, शिरपूरपुढच्या सपाटीला दुसरा, टोलनाक्यावर तिसरा. पाती बसवली तर त्यातल्या एका जागी फायदा आणि बाकी सगळीकडे थडक. म्हणून ट्रकच्या बहुतेक टर्बोंमध्ये नुसती मोकळी फट. चाकाची पातीही हल्ली कडेशी मागे झुकवतात, म्हणजे हवा मुळातच कमी वेगाने, मोठ्या कोनाने निघते आणि फटीवरचा भार हलका होतो. सरळ पाती आपण हिशोबापुरती घेतली होती, एवढं लक्षात असू द्या. घमेल्यातलं चाक बाजूने बघा, झुकाव दिसेल.

मे महिन्याची तक्रार

एप्रिल उजाडला की गिऱ्हाईक येतं : ‘टर्बो मेला. गाडी ओढत नाही.’ नवशिका लगेच पाने काढतो. थांबा, आधी आकाशाकडे बघा. जळगाव-भुसावळला ४५ च्या पुढे पारा जाणं नवलाचं नाही, पण आपण ४२ च धरू. जानेवारीच्या पहाटेच्या १० अंशांच्या तुलनेत ही हवा मुळातच दहा टक्के हलकी. वर चाकाचंही गरम हवेपुढे कमी चालतं. कार्यक्षमता ७५ टक्के धरली, तर त्याच फेऱ्यांना जानेवारीत दाब २.९ पट होतो आणि मे महिन्यात २.६५ पट. ऊर्जा तेवढीच दिली, पण आधीच तापलेल्या हवेला तेवढ्यात कमी दाबता येतं. हे गिऱ्हाइकाला समजावून सांगता येईल. ते मान डोलावेल, आणि मग विचारेल, ‘ते ठीक आहे, पण टर्बो कधी बदलतो?’

उलटी गेलेली हवा

शेवटचा धडा कानाचा. भरलेला ट्रक चाळीसगावहून औट्रम घाट चढतोय, ड्रायव्हर गिअर पाडायला तयार नाही, इंजिनाचे फेरे खाली, रेटा वर. इंजिन हवा कमी गिळतंय आणि टर्बोवर दाब मात्र भरपूर मागतंय. वरच्या हिशोबातला ९ अंशांचा कोन तो हाच. त्यात कापसाचा हंगाम असेल, आठवडाभर जिनिंगच्या रांगेत उभं राहून फिल्टर तुसाने माखला असेल, तर तोंडाशीच हवेची ओढाताण. फटीत आधी एखाद्या ठिकाणी हवा अडते, अडलेला पट्टा चाकाभोवती सरकत फिरतो, आणि मग पुढच्या पाइपात दाबून भरलेली सगळी हवा एकदम मागे, चाकातून उलटी, फिल्टरकडे येते. दाब पडला की पुन्हा पुढे. पुन्हा मागे. फुर्र-फुर्र-फुर्र असा आवाज येतो, चाकाला कधी पुढे तर कधी मागे हिसके बसतात, आणि दांड्याला मागे-पुढे सरकण्यापासून अडवणारं थ्रस्ट बेअरिंग झिजतं. याला सर्ज म्हणतात.

जळगावच्या रिंग रोडला काही उत्साही तरुण हाच आवाज मुद्दाम काढतात, त्याचे व्हिडिओ करतात आणि ‘टर्बो बोलतो’ म्हणतात. बोलतो खरा. काय बोलतो ते ओळखायला शिका, कारण सहा महिन्यांनी तीच गाडी तुमच्याकडे येणार आहे. कोर काढा, दांडा अंगठ्याने दाबून मागे-पुढे हलवून बघा. हाताला खेळ लागला तर बेअरिंग गेलं. चाकाची कड कवचाला घासलेली दिसेल, आतल्या भिंतीवर चकचकीत रेघ. गिऱ्हाइकाला ती रेघ दाखवा. चाकाच्या फोटोपेक्षा तिचा परिणाम जास्त होतो.

ड्रायव्हरसाठी उपाय दोन ओळींचा : गिअर पाडा, इंजिनाला फेरे घेऊ द्या, म्हणजे ते हवा गिळेल. आणि फिल्टर आपटून झटकून पुन्हा बसवू नका. आपटल्यावर जी धूळ सुटते ती वरची, आतली कागदातच रुतून राहते. शिकाऊ पोऱ्याने पहिल्यांदा सर्जचा प्रकार ऐकला की तो विचारतो, ‘मग ती हवा कथी गयी, उस्ताद?’ त्याला फिल्टरच्या डब्याचं झाकण काढून आतल्या बाजूला उलट्या हवेने चिकटवलेली तेलकट काजळी दाखवा.

फट संपली की हवा गोल फुगत जाणाऱ्या कवचात शिरते. कवचाचा घेर वाढत जातो कारण वाटेत सगळीकडून हवा येऊन मिळत असते. त्याच्या शेवटी पाइप, पाइपाला क्लॅम्प. क्लॅम्प नीट कसा. त्यापुढे १७७ अंशांची हवा थंड करायला इंटरकूलर असतो, पण त्याचं काम आपल्याकडे होत नाही. रेडिएटरवाला रस्त्याच्या पलीकडे बसतो, आणि दुपारी दोन ते चार त्याचं शटर खाली असतं.